परमिट रूम

परमिट रूम (अनेकदा 'परमिट रूम व बिअर बार') हे महाराष्ट्रातील परवानाधारक मद्यपानगृहाचे प्रचलित नाव आहे. येथे विदेशी मद्य, बिअर व वाइन विकत घेऊन जागेवरच पिण्याची सोय असते आणि बहुधा त्याला जोडून उपाहारगृहही असते. मुंबई, पुणे यांसारख्या महानगरांपासून परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, जिंतूर किंवा सेलू यांसारख्या तालुक्याच्या गावांपर्यंत ही पाटी सर्वत्र परिचित आहे. मेक्सिकोतील 'कांतिना', इंग्लंडमधील 'पब' किंवा अमेरिकेतील 'सलून' यांच्याशी परमिट रूमची तुलना होऊ शकते. मात्र तिची कायदेशीर बैठक या सर्वांहून निराळी आहे. ही मद्यपानगृहे मद्यपानास मोकळीक देणाऱ्या कायद्यातून जन्मलेली नसून दारूबंदीच्या कायद्यातील अपवाद म्हणून अस्तित्वात आली आहेत. त्यांचे नाव, ग्राहकाच्या वयाची अट, कोरडे दिवस आणि महिलांच्या मतदानाने दुकान बंद करण्याची तरतूद या सर्व गोष्टींचा उगम या एकाच वस्तुस्थितीत आहे.

नाव

'परमिट' म्हणजे मद्य बाळगण्याचा व पिण्याचा व्यक्तिगत परवाना. परमिट रूम म्हणजे असा परवाना असलेल्या व्यक्तीनेच बसून मद्यपान करावयाची खोली. विकणाऱ्याकडे असतो तो 'लायसन्स' आणि पिणाऱ्याकडे असावा लागतो तो 'परमिट'. मराठीत या दोहोंनाही 'परवाना' हाच शब्द वापरला जात असल्यामुळे पुष्कळदा गल्लत होते. पाटीवरील 'परमिट' हा शब्द मालकाच्या नव्हे, तर ग्राहकाच्या परवान्यासंबंधी आहे.

मराठवाड्यात दारूच्या दुकानासाठी 'गुत्ता' हा जुना शब्द आहे. तेलुगू व कन्नड भाषांत या शब्दाचा अर्थ मक्ता किंवा ठेका असा होतो. निजामाच्या राजवटीत दारू व शिंदी विकण्याचा हक्क मक्त्याने दिला जाई, म्हणून मक्त्याच्या दुकानालाच गुत्ता म्हटले जाऊ लागले. मराठवाड्यात आजही रस्ते व इमारतींच्या कंत्राटदाराला 'गुत्तेदार' म्हणतात. त्या शब्दाचा दारूशी काहीही संबंध उरलेला नाही. गुत्ता हा शब्द आता मुख्यतः देशी दारूच्या दुकानासाठी किंवा बेकायदा अड्ड्यासाठी वापरला जातो. परमिट रूमला कोणी गुत्ता म्हणत नाही, आणि या भेदात प्रतिष्ठेची उतरंडही दडलेली आहे.

इतिहास

ब्रिटिश काळ व पहिली दारूबंदी

ब्रिटिश अमलाखालील मुंबई इलाख्यात दारूचे नियमन १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने होत असे. या कायद्याचा मुख्य हेतू महसूल हा होता. राष्ट्रीय चळवळीत मद्यपाननिषेधाला मोठे स्थान मिळाले. महात्मा गांधींच्या कार्यक्रमात दारूच्या दुकानांपुढील निरोधन हे स्त्रियांच्या सार्वजनिक सहभागाचे एक प्रमुख क्षेत्र होते. १९३७ साली सत्तेवर आलेल्या बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने हा प्रयोग टिकला नाही.

१९४९ चा कायदा

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा संमत केला आणि एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी अमलात आली. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांच्या सेवनास आळा घालण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून नमूद आहे. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याची न्यायालयामार्फत सक्ती करता येत नाही. १९४९ च्या कायद्यास न्यायालयात आव्हान देण्यात आले. 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली कायद्याचा मुख्य भाग वैध ठरवला. मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांच्या वापरावर बंधन घालणाऱ्या काही तरतुदी मात्र रद्द केल्या.

या कायद्याने मद्य बनवणे, बाळगणे, विकणे व पिणे या सर्वांस मनाई केली आणि त्याचबरोबर काही व्यक्तींना परमिट देण्याची सोय ठेवली. परदेशी पाहुणे आणि प्रकृतीच्या कारणास्तव मद्याची गरज असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळवणारे यांना असे परमिट मिळू शके. मोठ्या हॉटेलांत अशा परमिटधारकांसाठी वेगळी खोली राखलेली असे. आजच्या परमिट रूमचे मूळ या खोलीत आहे.

कडक दारूबंदीच्या काळात हातभट्टीचा व्यवसाय फोफावला. मुंबईत घरातच चोरून दारू विकणाऱ्या स्त्रियांच्या 'आंटीच्या अड्ड्यां'ची कीर्ती याच काळातील आहे. अवैध दारूने घेतलेले बळी, बुडणारा महसूल आणि पोलीस यंत्रणेतील भ्रष्टाचार ही कारणे पुढे करून १९६० च्या दशकापासून, विशेषतः वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, दारूबंदी शिथिल होत गेली. मूळ कायदा रद्द झाला नाही. परमिट मिळण्याच्या अटी तेवढ्या सैल झाल्या. वैद्यकीय प्रमाणपत्राची अट गेली आणि विहित वय पूर्ण केलेल्या कोणत्याही व्यक्तीला शुल्क भरून परमिट मिळू लागले. पुढे कायद्याच्या नावातील 'मुंबई' हा शब्द बदलून त्याचे नाव 'महाराष्ट्र दारूबंदी कायदा' असे करण्यात आले. 'दारूबंदी' हा शब्द मात्र कायम आहे.

हैदराबाद संस्थान व परभणी

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे मुंबई राज्यातील दारूबंदीचा इतिहास या जिल्ह्याला सुरुवातीपासून लागू होत नाही. निजामाच्या राज्यात अबकारी हे उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. शिंदीच्या झाडांचा रस, म्हणजेच ताडीसारखे पेय असलेली शिंदी, आणि मोहाची दारू यांच्या विक्रीचे मक्ते दिले जात. हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४७-४८ साली सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला होता. त्यातून मद्यपानाला विरोध होत असे आणि निजामाच्या तिजोरीवरही घाव पडत असे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. राज्याच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे अबकारी कायदे लागू असल्याने १९५९ साली मुंबई दारूबंदी कायद्याचा विस्तार नव्याने जोडलेल्या प्रदेशांवर करण्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा परभणी व मुंबई येथे एकच मद्यविषयक कायदा होता. मुंबईने दारूबंदीचे एक दशक पाहिले होते, तर परभणी मक्तेदारीच्या व्यवस्थेतून थेट या कायद्याच्या कक्षेत आली. त्यानंतर लवकरच बंधने सैल होऊ लागली.

कायदेशीर स्वरूप

विक्रीचे परवाने

महाराष्ट्रात मद्यविक्रीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असते. विदेशी मद्याची विक्री मुख्यतः मुंबई विदेशी मद्य नियम, १९५३ नुसार, तर देशी दारूची विक्री महाराष्ट्र देशी मद्य नियम, १९७३ नुसार होते. परवान्यांचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

एफएल-२: सीलबंद विदेशी मद्य विकणारे दुकान. बोलीभाषेत यालाच 'वाइन शॉप' म्हणतात. येथे बसून पिण्यास परवानगी नसते.
एफएल-३: परमिट रूम. मद्य जागेवर पिण्यासाठी विकले जाते.
एफएल-४: क्लबमधील सभासदांसाठीचा परवाना.
सीएल-३: देशी दारूचे किरकोळ दुकान.

'विदेशी मद्य' हा कायद्याचा पारिभाषिक शब्द आहे. परमिट रूममध्ये मिळणारी बहुतांश व्हिस्की, रम किंवा ब्रँडी ही भारतात तयार झालेली असते आणि तिचा मद्यार्क बव्हंशी उसाच्या मळीपासून काढलेला असतो. गोदावरीकाठच्या उसाचा आणि 'इंग्लिश' म्हणवल्या जाणाऱ्या दारूचा असा जवळचा संबंध आहे. प्रत्यक्ष परदेशातून आलेल्या मद्याला 'आयात विदेशी मद्य' अशी वेगळी संज्ञा आहे.

वाइन शॉपचे नवे परवाने न देण्याचे धोरण राज्याने १९७० च्या दशकापासून ठेवले आहे. परमिट रूमचे परवाने मात्र नव्याने दिले जात राहिले. तालुक्याच्या गावांत वाइन शॉपपेक्षा परमिट रूमची संख्या अधिक दिसते, त्यामागे हे एक कारण आहे.

पिणाऱ्याचा परवाना व वय

राज्यात व्हिस्की, रम, देशी दारू यांसारखे मद्य पिण्यासाठी किमान वय २५ वर्षे, तर बिअर व वाइनसाठी २१ वर्षे आहे. मताधिकार व विवाह यांसाठीच्या वयाहून यांतील २५ वर्षांची अट कडक आहे. एक दिवसाचे, एक वर्षाचे व आजीवन असे परमिटचे प्रकार आहेत. एक दिवसाच्या परमिटचे शुल्क विदेशी मद्यासाठी ५ रुपये व देशी मद्यासाठी २ रुपये, तर विदेशी मद्याच्या वार्षिक व आजीवन परमिटचे शुल्क अनुक्रमे १०० व १,००० रुपये असे राहिले आहे. परमिटशिवाय मद्यपान करणे हा कायद्याच्या कलम ६६ नुसार, तर सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन करणे हा कलम ८५ नुसार गुन्हा आहे.

व्यवहारात परमिट रूममध्ये ग्राहकाकडे परमिट मागितले जाण्याचा प्रसंग विरळा. त्यामुळे असंख्य ग्राहकांना आपण परवाना लागणारी कृती करीत आहोत याची जाणीवही नसते. कायद्याचा हेतू आणि त्याचा वापर यांतील हे अंतर हा परमिट रूमविषयीच्या चर्चेतील कायमचा विषय आहे.

कोरडे दिवस व वेळ

प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन व गांधी जयंती या दिवशी मद्यविक्री बंद असते. यांस 'कोरडा दिवस' किंवा 'ड्राय डे' म्हणतात. आषाढी एकादशी व अनंत चतुर्दशी यांसारख्या दिवशीही बंदी असते. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील तरतुदीनुसार मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास मतदारसंघात मद्यविक्रीस मनाई असते. याउलट नाताळ व ३१ डिसेंबर या रात्री परमिट रूम पहाटे ५ वाजेपर्यंत उघड्या ठेवण्याची विशेष सवलत शासनाने अनेक वर्षी दिली आहे.

स्थान व नाव यांवरील बंधने

शाळा, महाविद्यालये व धार्मिक स्थळे यांपासून ठराविक अंतराच्या आत परवाना दिला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद करण्याचा आदेश दिला. २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या स्थानिक क्षेत्रांसाठी हे अंतर पुढे २२० मीटर करण्यात आले आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दीतील परवान्यांना हा आदेश लागू नसल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग (क्रमांक ६१) परभणी जिल्ह्यात पाथरी, मानवत व परभणी या गावांना जोडत जातो. त्यामुळे महामार्गालगतच्या गावांसाठी हे स्पष्टीकरण महत्त्वाचे होते.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानांच्या मराठी पाट्यांविषयी निर्णय घेताना मद्यविक्रीच्या आस्थापनांना महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावे देण्यासही मनाई केली.

परमिट रूममधील संध्याकाळ

तालुक्याच्या गावातील परमिट रूमची रचना बहुधा ठरीव असते. दर्शनी भागात जेवणाचे उपाहारगृह, आत मंद उजेडाचा कक्ष, आडोसा केलेली टेबले आणि शक्य असल्यास वेगळा 'फॅमिली रूम'. खिडक्यांना गडद काच किंवा पडदा असतो. रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला आतला माणूस दिसू नये ही ग्राहकाची अपेक्षा असते. लहान गावात तिला फार महत्त्व आहे.

मद्य 'पेग'च्या मापाने दिले जाते. लहान पेग ३० मिलिलिटरचा व मोठा ६० मिलिलिटरचा. १८० मिलिलिटरच्या बाटलीला 'क्वार्टर', तर ७५० मिलिलिटरच्या बाटलीला 'खंबा' म्हणतात. मद्यासोबतच्या खाण्याला 'चखणा' म्हणतात: खारे शेंगदाणे, फुटाणे, शेव, मसाला पापड, काकडीचे काप, उकडलेली अंडी किंवा ऑम्लेट. त्यानंतर जेवण मागवले जाते. मद्याची किंमत वाइन शॉपपेक्षा जास्त असते, कारण तीत बसण्याची जागा, सेवा आणि अधिक परवाना शुल्क यांचा भार असतो.

मद्यपानाविषयी मराठीत थेट बोलणे टाळले जाते. 'बसणे' आणि 'घेणे' ही दोन साधी क्रियापदे या संदर्भात विशेष अर्थ धारण करतात. 'आज बसायचे का?' या प्रश्नाला जागा व कारण सांगण्याची गरज नसते. 'तो घेतो' या वाक्यात काय घेतो हे अध्याहृत असते. समाजात निषिद्ध मानलेल्या, तरीही सर्रास चालणाऱ्या कृतीसाठी भाषेने काढलेली ही वाट आहे.

गर्दीचे दिवस पंचांग व बाजार या दोहोंवर ठरतात. श्रावणात अनेक कुटुंबांत मद्य व मांसाहार वर्ज्य असल्याने त्याआधीच्या आषाढी अमावास्येला मोठी गर्दी होते. हा दिवस मुळात दीपपूजनाचा असला तरी लोकांनी त्याला 'गटारी' असे नाव दिले आहे. श्रावण, गणेशोत्सव व नवरात्र या काळात वर्दळ घटते आणि 'थर्टी फर्स्ट'ला ती कमाल पातळीवर पोहोचते. सेलू व मानवत यांसारख्या कापसाच्या बाजारपेठांत शेतमालाच्या विक्रीनंतर हाती पैसा येण्याचा हंगामही महत्त्वाचा असतो.

कांतिनाशी तुलना

मेक्सिकोतील कांतिना ही परमिट रूमशी अनेक बाबतींत मिळतीजुळती संस्था आहे. कांतिनातही परवाना लागतो. मेक्सिको सिटीतील 'एल निव्हेल' या कांतिनाला १८५५ साली शहरातील पहिला परवाना मिळाल्याचे सांगितले जाते. ती २००८ साली बंद झाली. पेयासोबत मिळणाऱ्या खाण्याला तेथे 'बोताना' म्हणतात. चखणा वेगळा मागवून त्याचे पैसे द्यावे लागतात, तर पारंपरिक कांतिनात पेय मागवणाऱ्यास बोताना विनामूल्य मिळतो आणि पेये वाढत जातात तसे पदार्थही अधिक चांगले येतात.

दोन्ही ठिकाणे दीर्घकाळ पुरुषांची राहिली आहेत. मेक्सिको सिटीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कांतिनांत स्त्रियांना प्रवेश नव्हता. महाराष्ट्राच्या कायद्यात परमिट देताना स्त्री-पुरुष असा भेद नाही; येथील बंधन सामाजिक आहे. कांतिनात गाणारे वादक, डोमिनोचा खेळ व मोठ्या आवाजातील गप्पा हा वातावरणाचा भाग असतो. परमिट रूमचा कल मात्र आडोशाकडे असतो. मेक्सिकोत मद्यपानाचे किमान वय १८ वर्षे आहे.

कांतिनातील सर्वांत प्रसिद्ध पेय टकीला होय. ती हलिस्को राज्यात व शेजारच्या काही ठरावीक भागांत वाढणाऱ्या निळ्या अगावे या वनस्पतीच्या गाभ्यापासून बनते. १९७४ पासून 'टकीला' हे नाव मेक्सिकोत उगमस्थानाशी बांधलेले आहे, आणि अगावेच्या लागवडीचा तेथील भूप्रदेश २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. महाराष्ट्रातील परमिट रूममध्ये टकीला मिळाल्यास ती आयात विदेशी मद्य या वर्गात मोडते.

अगावे ही वनस्पती महाराष्ट्राला अपरिचित नाही. तिच्याच कुळातील 'घायपात' शेताच्या बांधावर व लोहमार्गालगत कुंपण म्हणून लावलेली आढळते आणि तिच्या पानांपासून दोरांसाठी वाख काढला जातो. ही झाडे मूळची अमेरिका खंडातील आहेत. दख्खनच्या पठारावरील घायपातापासून अलीकडच्या काळात भारतात मद्य तयार झाले आहे. टकीला हे संरक्षित भौगोलिक नाव असल्याने त्याला टकीला म्हणता येत नाही. ते 'अगावे मद्य' म्हणून विकले जाते.

आरोग्य व सुरक्षितता

भारतात तयार होणाऱ्या व्हिस्की किंवा रममध्ये मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः ४२.८ टक्के असते. त्यानुसार ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. प्रौढ व्यक्तीच्या यकृताला साधारण एवढाच मद्यार्क नष्ट करण्यास सुमारे एक तास लागतो. एका क्वार्टरमध्ये असे सहा पेग असतात. म्हणजे रात्री दहा वाजता क्वार्टर संपवलेल्या व्यक्तीच्या रक्तात पहाटेपर्यंत मद्यार्क राहू शकतो. चखणा, लिंबू, कडक चहा किंवा थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. पोटात अन्न असल्यास मद्यार्क रक्तात हळू मिसळतो, एवढेच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तालुक्याच्या गावांत रात्री उशिरा सार्वजनिक वाहन मिळणे कठीण असल्याने घरी परतण्यासाठी दुचाकीच हाताशी असते, आणि त्यामुळे तेथे हा प्रश्न शहरांपेक्षा गंभीर ठरतो.

अवैध दारूचा धोका निराळा आहे. तिच्यात मिथेनॉल मिसळलेले असल्यास अंधत्व किंवा मृत्यू ओढवतो. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये अशा दारूने १०० हून अधिक बळी घेतले. परवानाधारक विक्रीच्या समर्थनार्थ या घटनांचा दाखला दिला जातो.

विरोध व दारूबंदी चळवळी

मद्यपानाने उद्ध्वस्त होणारे कुटुंब हा मराठी समाजाच्या चिंतेचा जुना विषय आहे. राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाने १९१९ पासून हा विषय रंगभूमीवर चिरस्थायी केला. त्यातील 'आर्य मदिरा मंडळ' हे सुशिक्षितांच्या सामूहिक मद्यपानाचे उपहासात्मक चित्र आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी स्थापन केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे उपचाराच्या दिशेने झालेल्या प्रयत्नांपैकी महत्त्वाचे होय.

जिल्हा पातळीवर वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकात आणि गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली. गडचिरोलीतील चळवळीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांचा सहभाग होता. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेली दारूबंदी २०२१ साली उठवण्यात आली. अवैध विक्री वाढल्याचे कारण सरकारने दिले. बंदीच्या समर्थकांनी हा अंमलबजावणीचा दोष असल्याचे म्हटले.

आडवी बाटली, उभी बाटली

एखाद्या गावातील किंवा प्रभागातील मद्यविक्री मतदानाने बंद करण्याची सोय महाराष्ट्रात आहे. २००८ च्या आदेशानुसार संबंधित क्षेत्रातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केल्यास अर्जदारांच्या सह्यांची पडताळणी होते आणि त्यानंतर गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात: उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. निरक्षर मतदारालाही समजावीत अशी ही चिन्हे असून 'बाटली आडवी करणे' हा वाक्प्रयोग त्यांतून मराठीत रूढ झाला.

महिलांच्या मतदानात दुकान बंद होण्यासाठी एकूण नोंदणीकृत महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. केवळ झालेल्या मतदानातील बहुमत पुरत नाही. साहजिकच जी स्त्री मतदानास येत नाही, तिची अनुपस्थिती प्रत्यक्षात उभ्या बाटलीच्या पथ्यावर पडते. ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे हंगामात गावाबाहेर जातात अशा मराठवाड्यासारख्या प्रदेशात मतदानाची तारीख केव्हा ठरते, याला त्यामुळे मोठे महत्त्व येते.

परमिट रूमच्या दारापर्यंत सहसा न जाणाऱ्या, परंतु तेथे खर्च झालेल्या पैशाचे परिणाम घरात भोगणाऱ्या स्त्रियांच्या हाती कायद्याने दिलेले हे एकमेव थेट साधन आहे.

महसूल व कर

नावाने दारूबंदीचा असलेला कायदा राज्याला मोठा महसूल मिळवून देतो. उत्पादन शुल्क, परवाना शुल्क आणि विक्रीवरील मूल्यवर्धित कर असे त्याचे घटक आहेत. परमिट रूममधील मद्यावरील मूल्यवर्धित कर नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के करण्यात आला. २०२५ साली परवाना शुल्क व उत्पादन शुल्कातही वाढ झाली. या करवाढीच्या निषेधार्थ १४ जुलै २०२५ रोजी राज्यातील बार व परमिट रूमचालकांनी एक दिवस व्यवसाय बंद ठेवला. करवाढीने ग्राहक बेकायदा व स्वस्त मद्याकडे वळतात असे व्यावसायिकांचे म्हणणे आहे. किंमत वाढल्याने एकूण मद्यपान घटते, असे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने विचार करणारे मानतात. हे दोन्ही परिणाम एकाच वेळी, समाजाच्या निरनिराळ्या थरांत घडू शकतात.

हेही पाहा

दारूबंदी
महाराष्ट्र दारूबंदी कायदा
शिंदी
घायपात
टकीला
परभणी जिल्हा